पहिली केबिन बोट: ट्रेलरवरची आउटबोर्ड की मांडवीतली डिझेल?

बेळगाव-खानापूरकडच्या माणसाने केबिनची पहिली बोट घ्यायची म्हटली की इंजिनाआधी अंतर आडवं येतं. पणजी शंभर किलोमीटरच्या पलीकडे, मधे चोर्ला नाहीतर अनमोडचा घाट. एकीकडे वीस-बावीस फुटी, आउटबोर्डवाली (म्हणजे मागे बाहेरून टांगलेल्या पेट्रोल इंजिनाची), ट्रेलरवर घरी येणारी बोट. दुसरीकडे अठ्ठावीस-तीस फुटी, पोटात डिझेल इंजिन असलेली, पणजीच्या मांडवी नदीतच बांधून ठेवायची. माझं मत स्पष्ट आहे: ज्याला बोट शिकायची आहे त्याने ट्रेलरवाली घ्यावी.

बोट खाऱ्या पाण्यात उभी असली की तुम्ही बेळगावात असतानाही तिची झीज चालूच राहते. तळाला शिंपले धरतात, वेग घटतो, डिझेल जास्त जळतं. मग शिंपले धरू न देणारा अँटिफाउलिंग रंग आला, आणि तो लावायला बोट बाहेर काढणं आलं. तळात झिरपलेलं पाणी उपसणारा पंप बॅटरीवर चालतो. बॅटरी उतरली तर तुम्हाला कळणार कसं? जेटीवर रोज नजर टाकणारा भरवशाचा माणूस लागतोच.

आउटबोर्डचं तसं नाही. इंजिनाचा पाय, म्हणजे पाण्यात जाणारा खालचा भाग, वर उचलून पाण्याबाहेर ठेवता येतो, पंख्यात (प्रोपेलरमध्ये) दोरी अडकली तर बहुतेक वेळा हाताने काढता येते. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोडं पाणी फिरवून इंजिन आतून धुवायचं, हे कधीही चुकवायचं नाही. गिअर ऑइल दुधासारखं दिसलं की सीलमधून पाणी शिरलंय. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (आतलं रबरी चक्र) स्वतः बदलायला शिका. ही कामं अंगणात, दिव्याखाली, घाई न करता होतात, आणि बोट कळते ती याच कामांतून.

हिडकल धरणाच्या पाण्यात परवानगी मिळवून सराव करणार असाल तर अॅनोडकडे, म्हणजे स्वतः गंजून इंजिनाचा धातू वाचवणाऱ्या तुकड्याकडे, बघा. खाऱ्या पाण्यासाठीचा जस्ताचा अॅनोड गोड्या पाण्यात थर धरून निकामी होतो. दोन्हीकडे जाणाऱ्या बोटीला अॅल्युमिनियमचा बरा.

ट्रेलरची किंमत मात्र घाटात मोजावी लागते. त्याला स्वतःचे ब्रेक हवेतच. रस्त्यावर रुंदीची मर्यादा 2.6 मीटर, म्हणजे ऐसपैस केबिन विसरा. चाकं खाऱ्या पाण्यात बुडवलीत तर बेअरिंगचं ग्रीस पुन्हा पुन्हा बघायचं.

पेट्रोलची बाजू आणखी नाजूक. आता पंपावर मिळतं ते ई-20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं, आणि ते इथेनॉल हवेतली ओल ओढतं. जून ते सप्टेंबर समुद्र बंद, तेव्हा बोट चार महिने शेडमध्ये उभी. आपल्याकडच्या पावसात टाकीत उरलेल्या पेट्रोलात पाणी वेगळं होऊन तळाला बसतं. टाकी रिकामी करूनच बोट ठेवा, पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा. जुन्या इंजिनाचे रबरी पाइप ई-20 ला टिकणारे आहेत का, ते आधी विचारा.

इथे डिझेल खरंच सरस आहे. त्याच्या वाफेचा भडका पेट्रोलइतक्या सहज उडत नाही. शिवाय शाफ्ट (इंजिनापासून पंख्यापर्यंतचा दांडा), बुश (तो दांडा ज्यात फिरतो ती नळी) अशी कामं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या लेथवर उत्तम होतात. हे भाग्य फार थोड्या गावांना आहे. पण एका शाफ्टची बोट मागे घेताना शेपटी एका बाजूला ओढली जाते आणि सुकाणू जवळजवळ ऐकत नाही. आउटबोर्डमध्ये पंखाच वळतो, त्यामुळे जेटीला लावणं नवख्याला लवकर जमतं.

घरची माणसं बोटीवर रात्री राहणार असतील आणि जेटीवर माणूस पक्का असेल, तरच डिझेलचा विचार करा. तेव्हाही सौदा करण्याआधी बोट पाण्याबाहेर काढायला लावा. तळाच्या फायबरवर फोड आहेत का पाहा, शाफ्ट हाताने हलवून बुशमधला सैलपणा तपासा, आणि इंजिन पूर्ण थंड असताना तुमच्यासमोर चालू करायला सांगा. विकणारा आधीच गरम करून ठेवत असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा.