सीनियर डेटा सायंटिस्ट: तीन वर्षं वापरून झाल्यावर

आमच्याकडे मिक्सर घेताना शेजारच्या तीन घरांत जाऊन ओल्या नारळाची चटणी वाटून बघितली होती. ही नोकरी घेताना मात्र पगाराचा आकडा बघितला आणि सही केली. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून लिहितेय.

वस्तू: लोअर परळमधल्या एका मोठ्या मनोरंजन कंपनीतली सीनियर डेटा सायंटिस्टची जागा. टीव्ही चॅनलं आणि ॲप, दोन्ही असलेली कंपनी. नाव देत नाही, अजून तिथल्या मैत्रिणींबरोबर जेवायला जाते. वापर तीन वर्षं दोन महिने. पाचपैकी साडेतीन तारे.

आधी पॅकिंग. जाहिरातीत डीप लर्निंग, म्हणजे एआयचं भारी काम होतं, खोक्यातून निघालं एसक्यूएल, म्हणजे टेबलांतून आकडे उपसायची भाषा. पहिले चार महिने मी ‘व्ह्यू’ म्हणजे नेमकं काय एवढंच शोधत होते. एका टेबलात तीन सेकंद चाललं की व्ह्यू, दुसऱ्यात तीस सेकंद. दोन खात्यांचे दोन साहेब एकाच मीटिंगला आपापला आकडा घेऊन यायचे, आणि दोघंही खरे असायचे. तांदूळ निवडण्यासारखं काम. मला आवडतं, तुम्हाला कंटाळा येत असेल तर इथूनच परत फिरा.

आता ज्यासाठी साडेतीन तारे दिलेत ते. चॅनलवाल्यांकडे दर गुरुवारी बार्कचे, म्हणजे टीव्ही कोण किती बघतं ते मोजणाऱ्या संस्थेचे आकडे येतात. त्यासाठी देशभर 50 हजारांहून जास्त घरांत मीटर बसवलेत. चॅनलच्या आवाजात आपल्याला ऐकू न येणारी एक खूण मिसळलेली असते, ती मीटर पकडतं. शिवाय घरातल्या प्रत्येकाला स्वतःचं बटण. टीव्हीसमोर बसलं की ते दाबायचं. बार्कच्याच 2020 च्या अंदाजाप्रमाणे देशात टीव्हीवाली घरं 21 कोटी. आमची ॲपवाली पोरं हसायची, ‘एवढ्याशा घरांवरून सगळ्यांचा हिशोब? आमच्याकडे एकेक क्लिक आहे.’ वर्षभर मीही हसले. मग लक्षात आलं, समोर आजी बसलीय की नातू, हे त्या एवढ्याशा घरांना माहीत असतं. आमच्या कोट्यवधी ओळींना फक्त अकाउंट माहीत.

आमच्याच घरचं बघा. संध्याकाळी लेकाचं कार्टून, साडेसातपासून सासूबाईंच्या मालिका, रात्री नवऱ्याची मॅच. काय बघायचं ते सुचवणाऱ्या आमच्या मॉडेलच्या लेखी हा एकच माणूस. एकदा त्याने या माणसाला बालगणेश, त्याखाली कुस्ती आणि त्याखाली एक कौटुंबिक खून सुचवला होता. ते मॉडेल आमच्याच टीमचं, त्यामुळे घरात तक्रार माझ्याकडेच यायची.

ऑटोप्लेचं प्रकरण मात्र घरातूनच सुटलं. टीव्हीवरच्या ॲपमध्ये पुढचा भाग आपोआप सुरू करायला लागलो आणि बघण्याची मिनिटं सरसर वर गेली. ऑफिसात मजल्यावर पेढे वाटले. त्याच आठवड्यात मी उशिरा घरी पोचले, तर सासूबाई खुर्चीत गाढ झोपलेल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि समोर मालिकेचा चौथा भाग चालू. मी टीव्ही बंद केला. डोळे न उघडता म्हणाल्या, ‘अगं, बघतेय मी.’

दुसऱ्या दिवशी दोन तासांत रिमोटला हातही न लागलेली सेशन्स वेगळी काढली. रात्री अकरानंतरची वाढ बहुतेक त्यातच होती. उरलेल्या मिनिटांच्या कॉलमला मी नाव दिलं ‘जागी मिनिटं’. मीटिंगमध्ये एक वरिष्ठ म्हणाले, ‘पण मिनिटं वाढली तर आहेत ना?’ म्हटलं, ‘वाढलीत सर. पण गिऱ्हाईक घोरत होतं हे जाहिरातदाराला आपण सांगायचं, की तोच शोधून काढेल?’ महिनाभराने ‘अजून बघताय का?’ हा प्रश्न लवकर यायला लागला आणि पेढ्यांचा आकडा खाली आला. त्या वर्षी माझ्या अप्रेझलमध्ये लिहिलं होतं, ‘अपेक्षेप्रमाणे’. कॉलम अजून चालू आहे म्हणे.

‘सीनियर’चा अर्थ हाच. हाताखाली कुणी नाही, नको असलेला आकडा मांडायची जबाबदारी मात्र तुमची. ए-बी टेस्ट, म्हणजे काहींना जुनं आणि काहींना नवं दाखवून तुलना, लावली की तिसऱ्या दिवशी प्रॉडक्टवाल्यांचा फोन येणार, ‘हिरवं दिसतंय, थांबवू या?’ त्यांना दरवेळी तेच सांगायचं: शेवटी एकदाच बघितलं तर खोटं हिरवं, म्हणजे फरक नसतानाही नवं जिंकल्यासारखं, दिसण्याची शक्यता 5 टक्के, पण दहा वेळा डोकावलं आणि हिरवं दिसेल तिथे थांबलं तर ती जवळपास 19 टक्के. भाताच्या कुकरचं झाकण मधेच उघडून बघत नाहीत, हे त्यांना आकड्यापेक्षा लवकर पटायचं.

कॉलेजमधून ताजी आलेली मुलं भारी मॉडेलच्या मागे लागली की मी नेटफ्लिक्सच्या स्पर्धेची गोष्ट सांगायचे. 2006 मध्ये जाहीर झालेली, शिफारशी 10 टक्क्यांनी सुधारणाऱ्याला दहा लाख डॉलर. 2009 मध्ये बक्षीस दिलं, पण जिंकलेली ती सगळी यंत्रणा जशीच्या तशी कधी वापरात आली नाही. अर्ध्या मुलांना ही गोष्ट आवडायची नाही, ती पुढे चांगली निघाली.

बाकीचं भराभर. पगार वेळेवर. कॅन्टीनचे पोहे सुके. क्रिकेटच्या मोठ्या मॅचला रात्री थांबावं लागतं. मला ती जागरणं आवडायची. शेवटच्या षटकात विकेट पडली की बघणाऱ्यांची रेघ कशी कोसळते ते एकदा तरी बघावं. डोंबिवलीहून येणाऱ्यांनी मात्र नीट विचार करा: फास्टने दादर, पूल ओलांडून वेस्टर्नची स्लो, लोअर परळला उतरून पुन्हा गर्दीतून चाल. जुलैतल्या या प्रवासासाठी मी अर्धा तारा कापलाय. उरलेला एक ‘व्ह्यू’च्या व्याख्येसाठी, मी सोडलं तेव्हाही त्या दोनच होत्या.

मुलाखतीला बोलावलं तर तुमचे आकडे कोण बघतं आणि ते पटले नाहीत तर काय होतं, हे आधी विचारा. उत्तर द्यायला किती वेळ लावतात तेही बघा. आणि गुरुवारची वेळ घेऊ नका. त्या दिवशी सगळे बार्कच्या शीटमध्ये असतात, तुमच्याकडे कुणी बघणार नाही.