आलिशान स्टोअरमध्ये स्थानिक संस्कृती: जपायची, नव्याने उभारायची की फक्त तिचं सूत्र घ्यायचं?

आलिशान डिपार्टमेंट स्टोअरचं इंटिरियर स्थानिक संस्कृतीवर बेतायचं ठरलं, की डिझायनरांकडून साधारण तीन तऱ्हेचे प्रस्ताव येतात. जुनी वास्तू जपून तिच्यातच स्टोअर बसवायचं, परंपरेचा देखावा नव्याने उभारायचा, किंवा परंपरेतलं सूत्र घेऊन रूप आजचं ठेवायचं. कागदावर तिन्ही देखणे दिसतात. निवड करताना मात्र आधी एक गोष्ट तपासा. मोठे ब्रँड आपलं फर्निचर, आपले दिवे आणि आपल्या पाट्या घेऊन येतात, कारण त्यांना प्रत्येक शहरात एकच चेहरा हवा असतो. ते सगळे आत आल्यावर तुमच्या ताब्यात काय उरतं? मधला चौक, छत, जिने, चालायच्या वाटा, बसायच्या जागा, ट्रायल रूम. संस्कृती टिकते ती इथेच. काउंटरच्या मागे लावलेली नक्षी पुढच्या नूतनीकरणात निघून जाते.

वास्तू जपण्याच्या वाटेचं सगळ्यात देखणं उदाहरण पॅरिसचं. तिथल्या गॅलेरी लाफायेत या डिपार्टमेंट स्टोअरचा १९१२ चा घुमट जमिनीपासून ४३ मीटर उंच आहे. त्याची रंगीत काच जाक ग्रुबर यांची आणि सज्जांचे कठडे लुई माजोरेल यांचे. हे दोघेही फ्रान्सच्या नान्सी शहरातल्या कारागिरी परंपरेतले, म्हणजे त्या काळच्या फ्रेंच आर नुव्होचे, वेलीफुलांसारख्या वळणदार रेषांच्या शैलीचे, बिनीचे शिलेदार. खाली कोणताही ब्रँड येवो वा जावो, ग्राहक आधी मान वर करून घुमट पाहतो. याच दुकानातला भव्य जिना मात्र १९७४ मध्ये काढून टाकला गेला. घुमट राहिला आणि जिना गेला, यातून घ्यायचा धडा सरळ आहे. विक्रीच्या जागेवर ज्याचा पाय पडतो, त्या वारशावर पहिली कुऱ्हाड पडते. त्यामुळे काय हलवायचं नाही, हे करारात पहिल्या दिवशीच लिहून घ्यावं.

पॅरिसमधल्याच ला सामारितेन या दुसऱ्या स्टोअरचा मार्ग अधिक खडतर होता. सुरक्षेच्या कारणावरून २००५ मध्ये बंद झालेली ही वास्तू २०२१ मध्ये पुन्हा उघडली. मोरांची भित्तिचित्रं, काचेचं छप्पर, लोखंडी जिना हे सगळं नव्याने उजळलं. परिणाम अप्रतिम आहे, पण मध्ये सोळा वर्षं गेली. भांडवल इतकी वर्षं अडकवून ठेवण्याची ताकद नसेल, तर या वाटेला जाऊ नका. आणि वास्तू कितीही मोठी असली तरी ती धंद्याची हमी देत नाही. व्हेनिसमध्ये रियाल्तो पुलाशेजारचं फोंदाको देई तेदेस्की हे सोळाव्या शतकातलं व्यापारी संकुल. वास्तुरचनाकार रेम कूलहास यांच्या ओएमए या संस्थेने त्याचं रूपांतर केलं आणि २०१६ मध्ये तिथे लक्झरी स्टोअर सुरू झालं. चौकाभोवतीच्या कमानी जपल्या आणि एक लाल सरकता जिना धीटपणे मध्ये घातला. मला हे काम फार आवडतं, कारण नवं काय आणि जुनं काय हे तिथे लपवलेलं नाही. तरीही २०२५ मध्ये ते स्टोअर बंद झालं.

दुसरी वाट देखाव्याची. तिच्याबद्दल माझं मत कडक आहे, पण सरसकट नाही. लंडनचं लिबर्टी हे स्टोअर १९२४ मध्ये ट्यूडर शैलीत, म्हणजे सोळाव्या शतकातल्या इंग्लंडच्या लाकडी चौकटींच्या घरांसारखं, बांधलं गेलं, तेव्हा ती शैली कित्येक शतकं जुनी झालेली होती. म्हणजे हाही देखावाच. तो आजही खोटा वाटत नाही, याचं कारण लाकूड. एचएमएस इम्प्रेग्नेबल आणि एचएमएस हिंदुस्तान या मोडीत काढलेल्या दोन जहाजांचं लाकूड तिथे वापरलं आहे. शिवाय आतली मांडणी मोठ्या दालनांची न ठेवता तीन उजेडाच्या चौकांभोवती घराच्या खोल्यांसारखी केली, खोल्यांमध्ये शेकोट्या ठेवल्या. कापड हातात घेऊन बघावं, मग पुढच्या खोलीत जावं, अशी गती त्यातून आली. गडद लाकूड प्रकाश खातं. ती अडचण चौकांतून येणाऱ्या उजेडाने सोडवली. म्हणजे देखाव्यालाही खरं साहित्य आणि खरी मापं मिळाली, तर तो शंभर वर्षं तगतो.

याउलट प्लास्टर आणि रंगाने उभारलेला देखावा. चौदाव्या शतकातल्या प्रवाशाचं नाव असलेल्या दुबईच्या इब्न बतूता मॉलमध्ये अंदालुसिया, ट्युनिशिया, इजिप्त, पर्शिया, भारत आणि चीन अशी सहा दालनं आहेत. प्रवासाची ती गोष्ट मोठ्या गर्दीसाठी रंजक आहे, पण महागड्या वस्तूंच्या स्टोअरला हा मार्ग सुचवणार नाही. ग्राहक खांबाला हात लावतो आणि आतून पोकळ आवाज येतो, तिथेच किमतीवरचा विश्वास डळमळतो. स्थानिक माणसालाही आपल्या आजोळचं असं सोंग पाहायला आवडत नाही.

तिसरी वाट, सूत्र घेण्याची, हीच मला नव्या इमारतीसाठी सगळ्यात योग्य वाटते. टोकियोचं निहोनबाशी मित्सुकोशी हे स्टोअर पाहा. १६७३ च्या एचिगोया या किमोनोच्या दुकानापासून त्याचा इतिहास सुरू होतो. मधल्या चौकात १९६० पासून सरूच्या लाकडात घडवलेली, सुमारे अकरा मीटर उंचीची देवतेची मूर्ती उभी आहे. २०१८ मध्ये वास्तुरचनाकार केंगो कुमा यांनी तळमजला नव्याने सजवला, तेव्हा त्या मूर्तीशी स्पर्धा केली नाही. खांब झाले खोडं आणि त्यांच्या माथ्यावर छतभर पांढरी पालवी पसरली. कुठेही पारंपरिक नक्षी उचललेली नाही, तरी उजेड झाडीतून गाळून आल्यासारखा वाटतो. छत स्टोअरचं असल्याने खालचे ब्रँड बदलले तरी जंगल तसंच राहतं.

टोकियोतलंच गिन्झा सिक्स एक पाऊल पुढे जातं. २०१७ मध्ये उघडलेल्या या संकुलाच्या तळघरात ‘नो’ या जपानच्या पारंपरिक मुखवटे-नाट्याचं, कान्झे या कलाकार घराण्याचं नाट्यगृह आहे. तिथे खरे प्रयोग होतात. नक्षीपेक्षा हे किती तरी भारी, कारण माणसं पुन्हा पुन्हा येतात आणि परंपरा जिवंत राहते. दोष एवढाच, की अशा जागेला विक्रीचे चौरस फूट सोडावे लागतात आणि हिशेब करणाऱ्यांना ते पटवणं सोपं नसतं.

मग ठरवायचं कसं? हातात जुनी वास्तू असेल आणि घाई नसेल, तर पहिली वाट. कोरी इमारत आणि मोठे ब्रँड असतील, तर तिसरी. स्टोअर स्वतःच निवडलेला माल विकणार असेल, ब्रँडची दालनं कमी असतील आणि अस्सल लाकूड, दगड, धातू परवडत असेल, तरच दुसरी.

निवड झाल्यावर चार गोष्टींना वेळ द्या. पवित्र मानलेली चिन्हं फरशीवर किंवा पायपुसण्यावर घेऊ नका. कोणतं चिन्ह कुठे चालतं, हे त्या समाजातल्या जाणत्या माणसांना आराखडा पक्का होण्याआधी विचारा. कारागिराचं नाव आणि मोबदला सुरुवातीच्या अंदाजपत्रकातच धरा, नाहीतर पैसे कमी पडताच त्याच्या जागी छापील पॅनल येतं. रंगीत काच आणि पिवळा उजेड कापडाचा रंग बदलतात, म्हणून वस्तूंवरचे दिवे वेगळे ठेवा. आणि प्रत्येक हातकामाचे थोडे सुटे तुकडे जास्तीचे करून ठेवा. मालाच्या गाड्या कठड्यांना आणि कोपऱ्यांना रोज घासतात. जुळता तुकडा वेळेवर मिळाला नाही, की तिथे ठिगळ लागतं आणि पुढच्या दुरुस्तीत सगळं पॅनलच उतरवतात.