प्रायोजकांसाठीचा केंडो संच: शिनाई झकास, मेनचं माप बेभरवशाचं

केंडो, म्हणजे जपानी तलवारबाजी, शिकणाऱ्या जळगाव-धुळ्याच्या होतकरू पोरांना स्पॉन्सर करायचं असेल, तर या संचातली शिनाई, म्हणजे बांबूची सरावाची तलवार, डोळे झाकून घ्या. 37 नंबरची, 114 सेंटिमीटरपर्यंतची. बारा ते पंधरा वयाला बरोबर. चारही बांबूपट्ट्या सरळ, टोकाची चामडी टोपी घट्ट. नाकायुई, म्हणजे पट्ट्या एकत्र बांधणारी चामडी दोरी, मात्र सैल येते. टोकापासून एकूण लांबीच्या पाव अंतरावर पुन्हा आवळा.

खानदेशातल्या मे महिन्यात बांबू वाळून तडकतो, आणि त्याचं कुसळ मेनच्या, म्हणजे केंडोच्या शिरस्त्राणाच्या, जाळीतून थेट डोळ्यात जाऊ शकतं. पट्ट्या सुट्या करून तेलाचा हात फिरवा, कडा पॉलिश पेपरने घासा. तडकलेली पट्टी चिकटवू नका, बदला.

मेन एकाच मापात देतात, हा शुद्ध आळस. चेहऱ्याचा घेर मोजून, ते बसतंय का बघूनच ऑर्डर द्या. बोगू, म्हणजे मेनसकट सगळं संरक्षक चिलखत, पोराच्या नाही, क्लबच्या नावावर ठेवा. पोरं भराभर वाढतात, मग तेच दुसऱ्याला देता येतं.