जुनी एसयूव्ही घेताना फोर बाय फोरला जास्त पैसे मोजावेत का?

जुन्या गाड्यांच्या बाजारात एकाच सालच्या दोन रेनो डस्टर शेजारी उभ्या असतात. दोन्ही डिझेल, दोन्ही ११० पीएस ताकदीच्या, किलोमीटरही जवळपास सारखेच. एकीवर एडब्ल्यूडी (ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे फोर बाय फोरसारखीच चारही चाकांना इंजिनाची ताकद) लिहिलेलं असतं आणि तिची किंमत वरचढ असते. विकणारा म्हणतो, 'साहेब, ही कुठेही जाईल.' घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लगेच राजापूरकडची आंब्याची बाग येते, नाहीतर वेल्ह्याच्या डोंगरउतारावरची जमीन, आणि तिथे पोचायचा पावसाळ्यातला शेवटचा चढ.

मला कुणी हा प्रश्न विचारला की मी गाडीबद्दल नंतर बोलतो. आधी विचारतो, तुमचा डांबरी रस्ता कुठे संपतो, आणि तिथून पुढे किती जायचंय, चढ आहे की सपाट, माती लाल की काळी, आणि जून ते सप्टेंबर या महिन्यांत तिथे खरंच जाता का? निम्म्या लोकांचा निर्णय या उत्तरांतच लागतो.

कारण चारही चाकांना ताकद मिळण्याचा फायदा मुख्यतः गाडी जागेवरून हलवायला आणि चढवायला होतो. ब्रेक लावून थांबवायला तिचा उपयोग नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. ताम्हिणीत किंवा आंबोलीत भर पावसात वळणावर गाडी धरून ठेवतात ते टायर. झिजलेल्या टायरची फोर बाय फोर ही चांगल्या टायरच्या साध्या गाडीपेक्षा घाटात जास्त धोक्याची, कारण निघताना ती कुठेच घसरत नाही आणि चालवणाऱ्याला रस्ता किती निसरडा झालाय याचा अंदाजच येत नाही. म्हणून 'आम्ही घाटातून ये-जा करतो, सुरक्षित म्हणून फोर बाय फोर हवी' असं कुणी म्हटलं, तर मी त्यांना त्याच पैशात चार नवे टायर घ्यायला सांगतो.

टू व्हील ड्राइव्ह दोन प्रकारची असते

ही गोष्ट खरेदीच्या वेळी सर्रास सुटते. डस्टर, क्रेटा, एक्सयूव्ही५००, कंपास, ग्रँड विटारा यांच्या साध्या आवृत्तीत पुढची चाकं ओढतात. स्कॉर्पिओ, बोलेरो, फॉर्च्युनर, जुनी सफारी स्टॉर्म यांच्या फोर बाय टू (चारपैकी दोनच चाकांना ताकद) आवृत्तीत मागची चाकं ढकलतात. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत इंजिनाचं वजन नेमकं ओढणाऱ्या चाकांवर असतं, त्यामुळे ओल्या मातीत ती बऱ्यापैकी निभावते. मागची चाकं ढकलणारी गाडी रिकामी असेल तर मागचा भाग हलका पडतो, आणि ओल्या गवतावरसुद्धा एक चाक जागेवर गरगर फिरत राहतं. दिसायला दणकट, उंच, पण पार्किंगच्या चिखलातून बाहेर पडायला चार माणसं लागतात, असं या गाड्यांचं होतं ते यामुळे.

म्हणजे डस्टरमध्ये साधी आणि एडब्ल्यूडी यांत जेवढा फरक पडतो, त्याच्या कितीतरी पट फरक फॉर्च्युनर किंवा स्कॉर्पिओच्या फोर बाय टू आणि फोर बाय फोरमध्ये पडतो. कच्च्या रस्त्याचं काम असेल आणि गाडी शिडीसारख्या चासीवरचीच (खाली वेगळा पोलादी सांगाडा असलेली) हवी असेल, तर तिथे फोर बाय फोरचे जादा पैसे मला पटतात.

मधला एक मार्गही आहे. महिंद्राच्या बोलेरो निओच्या एन१० (ओ) आवृत्तीत मागच्या डिफरन्शियलला (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या जोडणीला) यांत्रिक लॉक आहे. साध्या डिफरन्शियलची अडचण अशी, की ज्या चाकाखाली पकड नाही तेच फिरत राहतं आणि पकड असलेलं शेजारचं चाक ढिम्म उभं राहतं. लॉक असलं की एक चाक मोकळं फिरू लागताच दोन्ही चाकं एकत्र फिरायला लागतात. खड्ड्यातून, ओल्या बांधावरून निघायला एवढं बऱ्याचदा पुरतं, आणि पुढच्या चाकांच्या यंत्रणेचा खर्च मागे लागत नाही.

दोन डस्टर, जवळून

डस्टर एडब्ल्यूडी आपल्याकडे २०१४मध्ये आली, फक्त ११०च्या डिझेल इंजिनाबरोबर आणि सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये. २०२०मध्ये बीएस६ हे प्रदूषणाचे नवे निकष आले, डिझेल डस्टर बंद झाली आणि तिच्याबरोबर एडब्ल्यूडीही गेली. त्यामुळे आज मिळणारी सगळ्यात तरुण एडब्ल्यूडीसुद्धा चांगली वापरलेली असणार. ऑटोमॅटिक एडब्ल्यूडी शोधत असाल तर ती या गाडीत नव्हतीच.

डॅशबोर्डवर तीन खुणांचा गोल खटका असतो: टू व्हील, ऑटो आणि लॉक. ऑटोमध्ये गाडी पुढच्या चाकांवर चालते, आणि ती घसरताहेत असं जाणवलं की विजेवर चालणारा क्लच मागच्या चाकांना ताकद देतो. लॉकमध्ये पुढे-मागे निम्मी-निम्मी विभागणी होते, पण ती कमी वेगापुरतीच. लो रेंज, म्हणजे अगदी हळू पण पूर्ण ताकदीने चढण्या-उतरण्यासाठीचा वेगळा गिअर, हिच्यात नाही. त्याची भरपाई म्हणून पहिला गिअर मुद्दाम आखूड ठेवलाय. डांबरावर तो लगेच संपतो आणि दुसरा टाकावा लागतो, पण बागेतल्या चढावर क्लच न जाळता गाडी सावकाश वर जाते.

उंचीचा फरक नाममात्र, साधीचा ग्राउंड क्लिअरन्स २०५ मिलिमीटर आणि एडब्ल्यूडीचा २१०. डिकी मात्र लहान होते, ४७५ लिटरची ४१० लिटर. आंब्याच्या पेट्या भरणाऱ्याला हे आधी कळलेलं बरं.

या दोन गाड्यांतला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा फरक चिखलाशी संबंधित नाहीच. साध्या डस्टरला मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा) आहे, एडब्ल्यूडीला मागेही स्वतंत्र मल्टीलिंक सस्पेन्शन आहे. खड्ड्यांनी भरलेल्या रस्त्यावर एक मागचं चाक खाली गेलं की दुसऱ्याला त्याचा धक्का कमी पोचतो, आणि वेगात वळताना गाडी खालच्या उंचवट्यांनी उडत नाही. साधी डस्टरसुद्धा खराब रस्त्यावर उत्तम चालते. पण मागे म्हातारे आई-वडील बसणार असतील आणि दर महिन्याला मुंबई-गोवा महामार्गाने जायचं असेल, तर मी या सस्पेन्शनसाठीच एडब्ल्यूडी घेईन. चिखलातली चाल ही वरची मिळकत.

विरुद्ध बाजूही तितकीच खरी. १.५ लिटरचं डिझेल इंजिन निसानच्या टेरानो, सनी, मायक्रातही होतं, त्यामुळे इंजिनाचे सुटे भाग आणि ते ओळखणारे मेकॅनिक सापडतात. पण एडब्ल्यूडीचा क्लच, मागचं डिफरन्शियल, मागचे ॲक्सल, मल्टीलिंकचे आर्म हे भाग मोजक्या गाड्यांचे. ते महाग आणि मागवून घ्यावे लागणारे. तुमचा मुक्काम देवरुखात किंवा सावंतवाडीत असेल, तर गाडी किती दिवस गॅरेजमध्ये उभी राहू शकते हा विचार किमतीइतकाच महत्त्वाचा.

इतर गाड्या, थोडक्यात

एक्सयूव्ही५०० एडब्ल्यूडी हीसुद्धा डस्टरच्याच पठडीतली, फक्त मोठी आणि सात जणांची. माझ्या मते हिच्यात एडब्ल्यूडीसाठी हट्ट धरू नये. साधी गाडी नीट सांभाळलेली मिळाली तर तीच घ्यावी. कंपास फोर बाय फोर उत्तम यंत्रणेची आहे, तिच्यात बर्फ, वाळू, चिखल असे वेगळे मोड आहेत, पण देखभाल दोन्ही आवृत्त्यांची महाग, त्यात फोर बाय फोरची भर. ग्रँड विटारा ऑलग्रिप, म्हणजे मारुतीची एडब्ल्यूडी, २०२२पासूनची, पेट्रोलची. चढावर डिझेलसारखा खालचा जोर तिच्याकडे नाही, पण सेवा केंद्रं तालुक्याच्या गावापर्यंत आहेत, आणि वयाने लहान गाडी मिळते. रोजचं शहर आणि कधीमधी बाग असं असेल तर मी हिच्याकडे आधी बघेन.

फॉर्च्युनरमध्ये साल बघावं लागतं. २००९ ते २०१६च्या पिढीत फोर बाय फोर कायमची असे, आणि फोर बाय टू २०१२मध्ये आली. २०१६च्या अखेरीस आलेल्या पिढीत फोर बाय फोर खटक्याने लावायची असते. तिच्यात आणि स्कॉर्पिओ फोर बाय फोरमध्ये लो रेंज आहे, आणि लाल मातीच्या तीव्र उतारावर खरा आधार तिचाच: ब्रेकला पाय न लावता, पहिल्या गिअरमध्ये, चारही चाकं इंजिनाने धरलेली. मात्र ही खटक्याची फोर बाय फोर कोरड्या डांबरावर वापरायची नसते. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, आणि दोन्ही एकमेकांना बांधलेली असल्याने सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो. म्हणजे घाटात पाऊस थांबून रस्ता वाळला की ती काढून टाकायची.

माती कोणती

कोकणातली लाल माती निसरडी असते पण खाली बहुतेक जांभा लागतो. चाकाला कुठेतरी पकड मिळतेच, आणि चार चाकं असली की मिळण्याची शक्यता वाढते. फोर बाय फोरचा पैसा इथे वसूल होतो. मराठवाडा-विदर्भातली काळी माती वेगळी. ती टायरच्या खाचा भरून टाकते, चाक गुळगुळीत गोळा होतं, आणि मग चारही चाकं मिळून गाडी अधिक खोल रुतवतात. पावसाळ्यात पाणंद रस्त्याला ट्रॅक्टरच लागतो. तिथे शेतावर जाण्यासाठी एडब्ल्यूडी एसयूव्ही घेणं मला पटत नाही.

हिवाळ्यात हिमाचलात जाणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक मुद्दा आहे. बर्फ पडल्यावर मनालीच्या वर सोलंग आणि अटल बोगद्याकडे बरेचदा फोर बाय फोर किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच सोडतात. पण वर्षातून एका सहलीसाठी साखळ्या पुरतात. आणि वाळूत गाडी पळवायचा विचार असेल, तर गोव्यात किनाऱ्यावर गाडी चालवणं बेकायदा आहे.

पैसे देण्याआधी

आधी गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा. एडब्ल्यूडीचं चिन्ह चिकटवता येतं, मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट आणि मागचं डिफरन्शियल चिकटवता येत नाही. ते दिसलं की तेलाची गळती, ॲक्सलच्या सांध्यांवरचे फाटलेले रबरी बूट आणि गंज तपासा. समुद्राजवळ राहिलेल्या गाडीत मिठाने आधी खालचे बोल्ट आणि ब्रेकच्या नळ्या खाल्लेल्या असतात. कोकणातून आलेली गाडी असेल तर पुरात बुडाली होती का हेही बघा. जुलै २०२१च्या चिपळूणच्या पुरात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. सीटबेल्ट पूर्ण ओढून त्याच्या तळाशी गाळाचा डाग दिसतो का, आणि मॅटखाली वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर आहे का, ते पाहा.

मग टायर. एडब्ल्यूडी गाडीत चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत. एक चाक लहान-मोठं असलं की यंत्रणेला ते सतत घसरतंय असं वाटतं आणि क्लच तापत राहतो. दोन नवे आणि दोन गुळगुळीत असतील, तर आधीच्या मालकाने ती कशी वापरली ते कळलं. टायरवरच्या चार आकड्यांत तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष असतं: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा.

चाचणीसाठी डांबर सोडून मोकळ्या मातीवर किंवा ओल्या उतारावर जा. लॉक लावा, स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा आणि मागून कटकट किंवा गुणगुण येते का ऐका. डॅशबोर्डवर फोर बाय फोरचा दिवा लुकलुकत राहिला तर क्लच किंवा सेन्सर गेलेला असू शकतो. फोर बाय फोर वर्षानुवर्षं न लावलेल्या स्कॉर्पिओ, फॉर्च्युनरमध्ये ती अडकून बसते, म्हणून लो रेंजही प्रत्यक्ष लावून बघा. विकणारा मातीवर न्यायला नाही म्हणाला, तर ती गाडी फोर बाय टूच्या भावातच मागा.

आणि डस्टर एडब्ल्यूडी पसंत पडली, तर टोकन देण्याआधी गावातल्या तुमच्या मेकॅनिकला मागच्या डिफरन्शियलचं तेल आणि मल्टीलिंकचे आर्म तो कुठून मागवेल आणि किती दिवसांत येतील, एवढं विचारून घ्या.