पर्ड्यू की अ‍ॅरिझोना स्टेट? एका आउट-ऑफ-स्टेट घराचा हिशेब

मागच्या एप्रिलमध्ये आमच्या घरी दोन ऑफर आल्या होत्या. लेकीला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग करायचं होतं. आम्ही न्यू जर्सीत राहतो, म्हणजे दोन्हीकडे आउट-ऑफ-स्टेट, राज्याबाहेरच्या मुलांची चढी फी. एक ऑफर इंडियानातल्या वेस्ट लाफिएटच्या पर्ड्यूची, दुसरी टेंपीच्या अ‍ॅरिझोना स्टेटची, सोबत बॅरेट ऑनर्स कॉलेजचा, म्हणजे हुशार मुलांसाठी विद्यापीठातच असलेल्या वेगळ्या कॉलेजचा प्रवेश. दोन्ही सरकारी आणि दोन्ही अवाढव्य विद्यापीठं. तरी आतून ती इतकी वेगळी आहेत की रँकिंगचा आकडा बघून निवड करणं चुकीचं ठरलं असतं. यंदा हाच पेच ज्यांच्या घरी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी ब्रँचचं बघा, कारण आपल्या पिढीचा गोंधळ इथेच होतो. महाराष्ट्रातल्या कॅप राऊंडमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेरीत, कॉलेज आणि ब्रँच एकदमच पदरात पडायची. पर्ड्यूत तसं नाही. इंजिनिअरिंगचे सगळे विद्यार्थी पहिल्या वर्षी 'फर्स्ट-इयर इंजिनिअरिंग'मध्ये असतात. कॅल्क्युलस, फिजिक्स, केमिस्ट्री आणि इंजिनिअरिंगची ओळख करून देणारे विषय झाले की मग ब्रँच मागायची. जाहीर केलेल्या गुणमर्यादेच्या वर असाल तर पहिली पसंती मिळते, खाली राहिलात तर जागा असतील तसं. एरोस्पेस, मेकॅनिकल की इलेक्ट्रिकल हे ज्या मुलाचं अजून ठरलेलं नाही, त्याला हे एक वर्ष वरदान आहे. ज्याचं ठरलंय, त्याच्या डोक्यावर मात्र वर्षभर टांगती तलवार. अ‍ॅरिझोना स्टेटच्या फुल्टन स्कूल्समध्ये, म्हणजे तिथल्या इंजिनिअरिंग विभागात, ब्रँचचा प्रवेश पहिल्या दिवसापासून असतो. आमच्या लेकीला रात्री शांत झोप लागली ती याच कारणाने.

आणखी एक गोष्ट अनेकांना उशिरा कळते. पर्ड्यूत कॉम्प्युटर सायन्स इंजिनिअरिंगमध्ये येत नाही, ते कॉलेज ऑफ सायन्समध्ये आहे. इंजिनिअरिंगमध्ये आहे ते कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. 'आधी इंजिनिअरिंगला घुसू, मग सीएसला वळू' असा बेत असेल तर तो आत्ताच सोडा. तिथे नंतर सीएसमध्ये जाणं फार अवघड आहे. अ‍ॅरिझोना स्टेटमध्ये कॉम्प्युटर सायन्स फुल्टनमध्येच शिकवतात.

आता पैसे. पर्ड्यूने २०१३ पासून ट्युशन गोठवलंय. इंडियानाच्या मुलांना वर्षाला ९,९९२ डॉलर, बाहेरच्यांना २८,७९४. इंजिनिअरिंगची जादा फी वेगळी, ती धरून साधारण ३१ हजार. दरवर्षी फी वाढवणाऱ्या विद्यापीठांच्या गर्दीत या स्थिरतेचं मला मनापासून कौतुक आहे. पण छापील आकडाच इतका कमी ठेवल्यावर गुणवत्तेच्या स्कॉलरशिपचा हात तिथे आखडता असतो. बाहेरच्या राज्यातल्या मुलांसाठी त्या मोजक्या आहेत आणि चढाओढ मोठी. उत्तम मार्क असूनही एक डॉलर न मिळालेली मुलं आमच्याच ओळखीत आहेत.

अ‍ॅरिझोना स्टेटची छापील फी याहून जास्त, बत्तीस-तेहतीस हजारांच्या घरात. पण शाळेतल्या मार्कांवरून तिथे किती स्कॉलरशिप मिळू शकते, याचा अंदाज अर्ज करण्याआधीच त्यांच्या साइटवर काढता येतो. समजा वर्षाला १४ हजार मिळाले, तर फी १९ वर आली. बॅरेटची वेगळी फी सुमारे २ हजार, म्हणजे २१. चार वर्षांचे ८४ हजार. पर्ड्यूचे विनास्कॉलरशिप १ लाख २४ हजार. वरच्या चाळीस हजारांत मास्टर्सची सोय होऊ शकते. मात्र चित्र उलटही होऊ शकतं. अ‍ॅरिझोनातली फी दरवर्षी वाढत जाते आणि स्कॉलरशिपचा आकडा तेवढाच राहतो. शिवाय ती टिकवायची तर ठरलेला जीपीए आणि दरवर्षी ठरलेली क्रेडिट्स लागतात. एखाद्या सेमिस्टरला थर्मोडायनॅमिक्सने दणका दिला तर सगळा हिशेब कोलमडतो. राहण्याजेवणाचा खर्च दोन्हीकडे वेगळा धरा, टेंपीत तो जास्त येतो.

ऑनर्सबद्दल माझं मत पक्कं झालंय: पदवीवरच्या शिक्क्यासाठी म्हणून ते करू नये. बॅरेट १९८८ पासून आहे, आणि इंटेलचे माजी प्रमुख क्रेग बॅरेट यांच्या कुटुंबाने २००० साली दिलेल्या देणगीनंतर त्याला हे नाव मिळालं. त्याचं टेंपीत स्वतःचं वसतिगृह-संकुल आहे, स्वतःचा मेस आहे. पहिल्या वर्षी 'द ह्यूमन इव्हेंट' नावाचा लहान वर्गातला चर्चेचा तास असतो. जगभरातले जुनेनवे ग्रंथ वाचायचे, त्यावर बोलायचं, निबंध लिहायचे. शेवटी थिसिस किंवा क्रिएटिव्ह प्रोजेक्ट. फुल्टनमध्येच तीसेक हजार विद्यार्थी आहेत. एवढ्या गर्दीत प्राध्यापकाला आपलं नाव ठाऊक असणं ही मोठी गोष्ट, आणि बॅरेटमध्ये ती घडते. पण इंजिनिअरिंगच्या लॅबमधून थकून आल्यावर प्लेटो वाचायचा ज्याला कंटाळा आहे, त्याने ते दोन हजार वाचवावेत.

पर्ड्यूचं ऑनर्स कॉलेज त्यामानाने नवं, २०१३ चं. तिथेही एकत्र राहण्याची इमारत आहे, संशोधनाचा प्रकल्प आहे. ते चांगलंच आहे, पण पर्ड्यूची खरी ताकद मला ऑनर्सबाहेर दिसते. १९९५ मध्ये तिथे सुरू झालेल्या एपिक्समध्ये विद्यार्थी समाजातल्या संस्थांसाठी खरी उपकरणं बनवतात (हाच उपक्रम पुढे अ‍ॅरिझोना स्टेटनेही घेतला). आणि तिथला को-ऑप, म्हणजे एक सेमिस्टर शिक्षण, एक सेमिस्टर पगारी काम, असं आलटूनपालटून एकाच कंपनीत. एरोस्पेसमध्ये तर प्रश्नच नाही. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग आणि तिथून शेवटी निघालेले यूजीन सर्नन, दोघंही पर्ड्यूचेच. मुलगी रॉकेटच्या मागे असती तर मी कर्ज काढूनही तिला वेस्ट लाफिएटला पाठवलं असतं. चिप्सच्या बाबतीत पारडं टेंपीशेजारच्या फिनिक्सकडे झुकतं. इंटेलचे कारखाने चँडलरला, तैवानच्या टीएसएमसीचे उत्तर फिनिक्सला, आणि दोन्ही ठिकाणं टेंपीच्या कॅम्पसपासून गाडीने जाण्याच्या अंतरावर.

एच-४ व्हिसावर (आईवडिलांच्या एच-१बी वर्क व्हिसामुळे मुलांना मिळतो तो) असलेल्या मुलांच्या आईवडिलांशी दोन शब्द वेगळे बोलायचेत, कारण विद्यापीठांची माहितीपत्रकं त्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली नसतात. एच-४ वर पगारी काम करता येत नाही. म्हणजे को-ऑप नाही, उन्हाळ्याची पगारी इंटर्नशिप नाही. फाफ्सा या अर्जामार्फत मिळणारी केंद्र सरकारची मदतही नाही. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं. एफ-१ वर सीपीटीची, म्हणजे शिक्षणाचा भाग म्हणून काम करण्याची मुभा मिळायला साधारणपणे पूर्ण वेळ शिक्षणाचं एक शैक्षणिक वर्ष पूर्ण व्हावं लागतं. आमच्या एका स्नेह्यांच्या मुलाने हे सगळं मांडून पाहिलं. को-ऑपसाठी म्हणून पर्ड्यू निवडत होता, आणि पहिली संधी त्याला घेताच आली नसती. अशा घरांनी गुणवत्तेची स्कॉलरशिप कुठे आहे हे आधी बघावं, आणि तिच्या अटींत नागरिकत्वाची ओळ आहे का ते नीट वाचावं.

आमची लेक शेवटी टेंपीला गेली. ब्रँच हातात होती, चार वर्षांचा आकडा झेपणारा होता आणि तिला वाचायला आवडतं. त्याच आठवड्यात तिच्या मैत्रिणीने पर्ड्यू घेतलं. तिला एरोस्पेस आणि मेकॅनिकलमध्ये निवडता येत नव्हतं, आणि तिचा निर्णयही मला तितकाच पटला.

अकरावीतल्या मुलांच्या घरी दोन गोष्टी आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. पर्ड्यूच्या स्कॉलरशिप आणि ऑनर्ससाठी पूर्ण विचार व्हायला हवा असेल तर १ नोव्हेंबरच्या, लवकर अर्जाच्या मुदतीआधी, म्हणजे अर्ली अ‍ॅक्शनआधी अर्ज जायला हवा. आणि बॅरेटचा अर्ज विद्यापीठाच्या अर्जाहून वेगळा असतो, निबंधासकट. तो निबंध सुट्टीतच लिहून घ्या, सप्टेंबरात वेळ मिळत नाही.