वॉर्पिंगवरच्या ड्राइव्हचा अनुभव: बाकी ठीक, पण त्या पंख्याचं काय?

वॉर्पिंग मशीनला (ताण्याचं सूत बीमवर, म्हणजे मोठ्या रिळावर, गुंडाळणारं मशीन) ५ एचपीची मोटर, तिच्यावर हा ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी. उन्हाळा-पावसाळा दोन्ही काढून झाले आणि आता सर्व्हिसवाल्याशी वाजलंय म्हणून लिहितोय. स्पेक्स सगळ्यांना माहितीयत, ते सोडा.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यातल्या दुपारी काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. बाहेर ४२, आत त्याच्या वर. बऱ्याच ड्राइव्हचं रेटिंगच ४० नाहीतर ५० डिग्रीपर्यंत असतं. दुपारी ड्राइव्ह ट्रिप (आपोआप बंद), रिसेट मारला की थोडा वेळ चालणार, परत ट्रिप. सर्व्हिसवाल्याला फोन केला तर तो न बघताच म्हणतो, "मालक, मोटर गेलीय, रिवाइंड करून घ्या." अरे बाबा, डिस्प्लेवर ओव्हरहीट येतंय ते ड्राइव्हच्या हीटसिंकचं (आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्या), आणि नेमप्लेटवर साडेसात अँपिअर असताना मशीन साडेपाचच्या आत ओढतंय, मग मोटर जळेल कशानं? तरी मेगर (मोटरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) मारला, मोटर ठणठणीत. (मेगर मारायच्या आधी मोटरला जाणाऱ्या यू-व्ही-डब्ल्यू तिन्ही वायरी ड्राइव्हमधून काढा, नाहीतर मेगरचे ५०० व्होल्ट ड्राइव्हच्या आत शिरतात आणि मग खरंच नवा घ्यायची पाळी येते. आणि मेन बंद केला म्हणून लगेच हात घालू नका, ४१५ व्होल्टच्या लाइनवर आत ५८० व्होल्टच्या वर डीसी साठलेला असतो, उतरायला दहा मिनिटं द्या.)

मग कव्हर उघडलं. हीटसिंकच्या फटी टॉवेलच्या सुताच्या लवेनं बुजलेल्या, आणि खालचा तळहाताएवढा पंखा जाम, मधल्या दांडीला सूत गुंडाळून घट्ट बसलेलं. दोन खटके दाबले की पंखा बाहेर येतो, म्हणजे बदलायसाठीच बनवलाय ना? पण सुटा मिळत नाही म्हणे! अख्खा ड्राइव्ह पाठवा, चेकिंग चार्ज वेगळा, वॉर्पिंग बंद ठेवून मी काय लूमवर हात ठेवून बसू? शेवटी गावातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून त्याच मापाचा २४ व्होल्टचा पंखा आणला, जुन्याचा कनेक्टर कापून जोडला, वर स्लीव्ह चढवली. किती कमी पैशात झालं ते सांगितलं तर डीलर तोंड दाखवणार नाही.

तेव्हाच एक स्टार द्यायचा ठरवलं होतं. पण पुढं दुसरंच सुरू झालं, भरलेला बीम थांबवताना ओव्हरव्होल्टेज. रिकामा बीम असला की काही नाही. इथं ड्राइव्हनं मन जिंकलं बघा, फॉल्ट हिस्टरीत ट्रिपच्या वेळचे हर्ट्झ, करंट, डीसी व्होल्टेज सगळं लिहून ठेवतो. ट्रिप कायम थांबतानाच, डीसी व्होल्टेज चढलेलं. सुतानं जड झालेला बीम झटक्यात थांबत नाही, तो उलट मोटरला फिरवतो, मोटर जनरेटर होऊन वीज ड्राइव्हमध्ये ढकलते. डिसेलरेशन टाइम (थांबायला दिलेला वेळ) ३ सेकंदाचा १२ केला, ट्रिप बंद. पण धागा तुटला की मशीन पटकन थांबलं पाहिजे, १२ सेकंदात तुटलेलं टोक बीमवर किती आत जाऊन बसतं, शोधताना कामगार शिव्या घालतात. म्हणून ती वीज उष्णता करून जिरवणारा ब्रेकिंग रेझिस्टर लावला, त्याच्याकडे वीज वळवणारा चॉपर या मॉडेलला आतच आहे. आता ४ सेकंदात थांबतं.

स्टार्ट तर इतका मऊ आहे की सुरू करताना धागे तुटायचं प्रमाण डोळ्यांना दिसेल एवढं कमी झालं. वॉर्पिंगवाल्यांनी फक्त एवढ्यासाठी घेतला तरी चालेल. स्लो स्पीडला जास्त वेळ चालवत असाल तर मोटरवर हात ठेवून बघत जा, तिचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, १५ हर्ट्झला वारा नावालाच.

चार स्टार होते, पंख्यापायी तीन. दुसऱ्या मशीनला हाच घेणारे, पण दुसऱ्या डीलरकडून, आणि बिल करायच्या आधी पंखा सुटा देणार का ते लिहून घेणार. नाही म्हणाला तर दोन पंखे आधीच आणून कपाटात टाकतो.