भाचीला मुंबईत नोकरी लागलीय, घरी चला

व्हिएतनामला निघालेल्या, विशेषतः एकट्या निघालेल्या मंडळींसाठी हे लिहिते आहे. मार्च २०२४ मध्ये सायगॉनला, म्हणजे हो ची मिन्ह सिटीत, माझे साधारण ४५ हजार रुपये गेले. कुणी पाकीट मारलं नाही, कुणी धमकावलं नाही. मी माझ्या हाताने काढून दिले.

आधी रात्रीच्या बसबद्दल सांगायला हवं, नाहीतर मी एका अनोळखी बाईबरोबर तिच्या घरी गेलेच कशी हे कळणार नाही.

दालात हे डोंगरातलं थंड गाव. तिथून सायगॉन ३०० किलोमीटरच्या आसपास. रात्री दहाची स्लीपर बस पहाटे पाचला पोचते. चढतानाच चपला काढून पिशवीत घालायच्या, मग तीन रांगांमधल्या अरुंद बर्थवर अर्धवट आडवं व्हायचं आणि पाय पुढच्या माणसाच्या पाठीखालच्या खोक्यात सरकवायचे. माझ्या शेजारी एक आजी होत्या, मागे त्यांचा मुलगा, सून आणि चारेक वर्षांची नात. आजींना इंग्रजीचा गंध नाही आणि मला त्यांच्या भाषेतले दोनच शब्द येत होते, धन्यवाद आणि शाकाहारी. बाओ लॉकचा घाट उतरताना मला मळमळायला लागलं. आजींनी कमरेच्या पिशवीतून हिरव्या तेलाची इवलीशी बाटली काढली, दोन थेंब बोटावर घेतले आणि न विचारता माझ्या कपाळाच्या दोन्ही बाजूंना चोळले. मग बाटली माझ्या नाकाशी धरून बसल्या. बरं वाटल्यावर वाळवलेल्या रताळ्याचे चिकट तुकडे हातात ठेवले आणि माझं पांघरूण गळ्यापर्यंत ओढून दिलं. पहाटे उतरलो तेव्हा अंधार होता. मुलगा खुणेने ‘थांब’ म्हणाला. उजाडेपर्यंत ते सगळं कुटुंब माझ्याबरोबर फुटपाथवर बसून राहिलं आणि मग हात हलवून निघून गेलं. नाव नाही, नंबर नाही.

मी भरून पावले होते. माणसं कुठेही गेलं तरी चांगलीच, असं आईला फोनवर सांगितलंसुद्धा. झोप मात्र नव्हती. खोली दुपारी दोनला मिळणार होती, म्हणून बॅग हॉस्टेलवर टाकून दहाच्या सुमारास २३ सप्टेंबर नावाच्या बागेत जाऊन बसले. ही बाग फाम न्गू लाओ रस्त्याला लागून आहे. पाठीवर बॅग घेऊन फिरणारे सगळे त्याच भागात उतरतात.

पन्नाशीची एक बाई शेजारी येऊन बसली. माझी टोपी छान आहे म्हणाली. इंग्रजी स्वच्छ. कुठल्या तुम्ही? सांगली कुणाला माहीत असणार, म्हणून मी मुंबई म्हणाले. “अय्या, माझ्या भाचीला मुंबईतच हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागलीय! पुढच्या महिन्यात जातेय. तिची आई रडून रडून अर्धी झालीय. तुम्ही पाच मिनिटं बोललात तर तिच्या जिवाला शांतता मिळेल.” पोरीच्या काळजीने रडणारी आई म्हटल्यावर मला माझीच आई दिसली.

आता शांतपणे आठवते तेव्हा लक्षात येतं की त्या दहा मिनिटांत तिने काय काय विचारून घेतलं. एकट्याच आलात? पहिल्यांदाच? कुठे उतरलात? अजून किती दिवस आहात? नोकरी कसली करता? बसमधल्या आजींनी रात्रभरात यातलं एकही विचारलं नव्हतं. भाषा नव्हती हे खरं, पण मुलाच्या फोनवर भाषांतराचं ॲप होतं आणि त्यावरून त्यांनी मला एवढंच विचारलं, ‘पोट दुखतंय का?’

टॅक्सीने अर्धा-पाऊण तास गेलो. कुठल्या भागात, ते मला आजही सांगता येत नाही. घरात जेवण तयार होतं, टोफू आणि लसूण घालून परतलेली, आपल्या नाळीच्या भाजीसारखी पालेभाजी. मी शाकाहारी असल्याचं बागेत सांगितलं होतं, तिने ते फोनवरून कळवलं असणार. माझ्यासाठी वेगळं शिजवलं म्हणून मला गहिवरून आलं. भाची आणि तिची आई ‘हॉस्पिटलात गेल्यात, येतीलच’.

एक गोष्ट खटकली होती, पण मी ती मनातच दाबली. दालातमध्ये मी दोन घरांत राहिले. दोन्हीकडे बैठकीत पूर्वजांचा देव्हारा होता, फोटो, उदबत्त्या, ताजी फळं. तिथल्या बहुतेक घरांत तो असतो. या घराच्या भिंती मात्र उघड्या. फोटो नाही, कॅलेंडर नाही, दाराशी लहान मुलाची एक चप्पल नाही. राहत्या घराला असतो तसा कसलाही पसारा नव्हता.

मग ‘मामा’ आले. एका जहाजावरच्या कॅसिनोत पत्ते वाटायचं काम करतात म्हणाले. गंमत म्हणून एकवीसचा खेळ (ब्लॅकजॅक, पानांची बेरीज एकवीसच्या वर न जाता जास्त ज्याची, तो जिंकतो) शिकवतो म्हणत आतल्या खोलीत नेलं. पानं वाटताना समोरच्याकडे काय आलंय ते बोटांच्या खुणांनी कसं सांगतात, ते दाखवलं. मी हसत होते. तेवढ्यात ब्रुनेईची एक श्रीमंत बाई खेळायला येते आहे असा फोन आला. “ती मला नेहमी तुच्छतेने वागवते. तू बस, मी खुणा करतो, पैसे माझे.” त्यांनी २०० डॉलर माझ्या हातात ठेवले. मी नको म्हणाले. तीन माणसं एकदम मागे लागली आणि ज्यांच्या घरचं नुकतंच जेवले होते त्यांना तोंडावर नाही म्हणणं मला जमलं नाही.

मी सलग जिंकत गेले. शेवटच्या डावात माझ्याकडे एकवीस आणि खुणेप्रमाणे तिच्याकडे वीस. तिने पर्समधून डॉलरची पुडकी काढून टेबलावर ठेवली, ३० हजार म्हणाली. पानं उघडण्याआधी तुमच्याकडेही पैसे आहेत हे दाखवा, एवढीच तिची अट. दोघींची पानं लिफाफ्यांत घालून पेटीत कुलूपबंद केली, किल्ली माझ्याकडे दिली. माझ्याजवळचे ३०० डॉलर तिथे गेले. मग मामा आणि बागेतली बाई मला गाडीतून एटीएमवर घेऊन गेले. तीन वेळा २० लाख डाँग काढले. ६० लाख हा आकडा ऐकून छाती दडपते, पण ते होतात सुमारे २० हजार रुपये. आठवडाभर लाखांत चहा-जेवण केल्यावर आकड्याची भीती उरत नाही, हे ध्यानात ठेवा.

तेवढ्याने भागेना. पुढे सोन्याच्या दुकानात. क्रेडिट कार्डावर सोनं घे, तेच पैसे म्हणून दाखवू, संध्याकाळी परत करू. कार्ड दोनदा नाकारलं गेलं. २०२० च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवीन कार्डावर परदेशातले व्यवहार आपण चालू केल्याशिवाय होत नाहीत आणि या क्रेडिट कार्डावर मी ते कधी चालूच केले नव्हते. एवढ्याच कारणाने मी काही लाखांतून वाचले. बाई म्हणाली, बँकेला फोन कर. माझ्या भारतातल्या सिमवर रोमिंग नव्हतं. त्या क्षणी तिचा चेहरा जो बदलला, तो मी विसरणार नाही. सकाळपासून माझा हात धरून बोलणारी बाई माझ्याकडे बघेनाशी झाली. मी काउंटरला टेकून उभी राहिले आणि म्हणाले, मी इथून हलणार नाही. ते दोघं काही बोलले नाहीत. गाडीत बसले आणि गेले. पेटीची किल्ली अजून माझ्या मुठीत होती.

हॉस्टेलच्या टेबलावरच्या मुलीला सांगायला लागले, तर तिनेच वाक्य पूर्ण केलं, “भाची नर्स आहे ना?” तिथेच बसलेल्या एका जर्मन मुलाला दोन दिवसांपूर्वी त्याच बागेत एका बाईने गाठलं होतं. त्याच्या वेळी भाची बर्लिनला निघाली होती. तो गेला नाही. बँकॉक, क्वालालंपूर, नोम पेन्हलाही हाच डाव चालतो, हे मला नंतर वाचून कळलं. कुटुंब, जेवण, पत्ते, ब्रुनेईचा पाहुणा, सगळं तेच.

पोलिसांकडे मी गेले नाही, आणि ही माझी खरी चूक. तिथे खासगी जुगार हा गुन्हा आहे, आपणही टेबलावर बसलो होतो, ही भीती. या लोकांचं सगळं गणित त्याच भीतीवर उभं आहे. कुणावर हे ओढवलंच तर एकटं गप्प बसू नका. हॉस्टेलच्या माणसाला बरोबर घेऊन त्याच दिवशी तक्रार करा, पोलिसांचा नंबर ११३, आणि सायगॉनमध्येच आपला भारतीय वाणिज्य दूतावास आहे, तिथे कळवा. डावात मध्येच शुद्धीवर आलात तर टेबलावर असलेले पैसे गेले असं समजून उठा. एटीएमपर्यंत जाऊ नका. जेवलात म्हणून कुणाचं काही देणं लागत नाही.

मुलीच्या काळजीचं नाव घेऊन मला नेलं, याचा राग अजून गेलेला नाही. आईला मी हे महिनाभर सांगितलं नव्हतं. सांगितलं तेव्हा तिने पैशांचं काही विचारलं नाही. बसमधल्या त्या आजींचा पत्ता घेतला होतास का, एवढंच म्हणाली.